शिवणखोलीची हजेरी

प्रिय कात्री,

तुझं पत्र येऊन आज सतरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि रोज काहीतरी निमित्त काढून उठते. कधी पेन चालत नाही, कधी चष्मा सापडत नाही, कधी दूध उतू जाईल म्हणून. दूध तर मी आता तापवतच नाही, पिशवी फोडून गारच पिते, तरी उठते. तू म्हणशील, बॉबिनला झालंय काय, एक ओळ लिही म्हटलं की पानभर लिहिणारी बाई ही. पण या वेळी जीव धजत नव्हता. तू विचारलंयस त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं आहे, आणि ते मी देणार आहे. त्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून तू माझ्याशी पुन्हा बोलशील की नाही, मला माहीत नाही. तू बोलली नाहीस तर या जगात मला बोलायला कुणी उरणार नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे पत्र सुनेकडून किंवा वृद्धाश्रमातल्या नर्सकडून वाचून घेऊ नकोस. भिंग घे, दोन दिवस लागले तर लागू देत, पण तुझं तू वाच.

फोनवर सांगता आलं असतं. तीनदा लावलाही. पण तू फोनवर आलीस की आधी हसतेस, मग तिथल्या मचूळ सुपाला नावं ठेवतेस, मग शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची कवळी पुन्हा कशी हरवली आणि कुणाच्या उशीखाली सापडली ते सांगतेस, आणि तोवर माझं अवसान पार गळून गेलेलं असतं. मग मीही हसते आणि फोन ठेवते. तिन्ही वेळा असंच झालं.

आधी इकडची खबर देते, म्हणजे हात जरा सैल होईल. औषधांच्या दुकानातला माणूस माझ्या गोळ्यांची नावं आता माझ्याआधी सांगतो. गेल्या महिन्यात चार दिवस उशिरा गेले तर म्हणाला, काय आजी, मला वाटलं डॉक्टर बदलला. माझी वाट बघणारा या गावात तेवढा एकच, आणि तोही रक्तदाबाच्या गोळ्यांपुरता. खालच्या मजल्यावर नवरा-बायको राहायला आलेत, भली माणसं आहेत, जिन्यात भेटली की मान हलवतात, पण कानाला फोन असतो म्हणून मान मला हलवली की फोनमधल्याला ते कळत नाही. भाची रविवारी साडेदहाला फोन करते. बारा मिनिटं बोलते. मी मोजत बसते असं नाही, पण तेराव्या मिनिटाला तिच्या मुलीला पोहायला न्यायचं असतं. बाकी फोन येतात ते यंत्रातल्या बाईचे. परवा ती म्हणाली की आमच्या सेवेत आता आणखी सुधारणा झाली आहे. मी म्हटलं, हो का, बरं झालं बाई. ठेवल्यावर लक्षात आलं की त्या दिवशी मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आणि संध्याकाळचे पाच वाजले होते.

दवाखान्याच्या बाकावर एक बाई ओळखीची झाली होती. छान होती, स्वच्छ, हसरी. तिनं विचारलं, तुम्ही काय करत होतात. मी सांगायला सुरुवात केली की मोठ्या इस्पितळात एक शिवणखोली होती, तिथे आम्ही नऊ जणी होतो, मग मोठ्या बाई कोण ते सांगावं लागलं, मग तू, मग मला बॉबिन का म्हणतात ते. मी बुटकी, गोल आणि दिवसभर खोलीत गरगर फिरणारी, म्हणून हे नाव तू ठेवलंस, हे सांगून झाल्यावर ती नुसती ‘अच्छा’ म्हणाली. निम्म्यात मला इतका थकवा आला की म्हटलं, शिवायचे मी, एवढंच. या वयात नवी ओळख करायची म्हणजे सत्तर वर्षांचं सामान पुन्हा जिन्यावरून चढवायचं. तुला नुसतं ‘तळघरातला उंदीर’ म्हटलं तरी तू पाच मिनिटं हसतेस. असं हसणारं माणूस मला आता नव्यानं कुठून मिळणार?

लोकांना वाटतं, म्हाताऱ्यांची माणसं मरून कमी होतात. मी एकदा नीट आठवून बघितलं. तू पडलीस त्याआधी नवातल्या पाच जणी गळल्या होत्या. त्यातल्या मरून गेल्या फक्त दोन. एक मुलाकडे परदेशी गेली, तिथे आपली सकाळ म्हणजे तिची मध्यरात्र. एकीला ऐकू येईना. आणि एकीच्या घरी फोन उचलायची सून, ती ‘झोपल्यात’ म्हणून ठेवून द्यायची, तेव्हा तिनंच ओशाळून सांगितलं की माझ्याकडे नका लावू आता. कुणी भांडलं नाही, कुणी निरोप घेतला नाही. आणि सहावी जी गेली, ती मरणाआधी दोन वर्षं गेली होती. तिला मी घालवली. हे पत्र तिच्याबद्दल आहे.

शिवणखोली आठवते ना तुला? आठवते का म्हणून विचारणंसुद्धा मूर्खपणा आहे. लांबलचक खोली, एका बाजूला फक्त वरच्या अंगाला खिडक्या, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे पाय तेवढे दिसायचे. फाटलेल्या चादरींचे ढीग, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, आणि त्या सगळ्याला येणारा औषधी साबणाचा वास. टोकाला तुझं कापायचं टेबल. वीस-वीस थर एकावर एक ठेवून तू एका दमात कापायचीस, आणि बोलायचीसही तशीच, एका दमात सगळ्या जणींना. गुंडी दाराशी बसायची, दिवसभर काजं आणि बटणं, ओठांत दोरा, म्हणून कमी बोलायची. आणि मोठ्या बाई उभ्या. मी त्यांना बसलेलं पाहिलंच नाही.

मोठ्या बाईंची हजेरी जगात दुसरीकडे कुठे नसेल. आपल्या नावाला आपण ‘आहे’ म्हणायचं नाही. उजवीकडे बसलेलीकडे बघायचं आणि तिच्याबद्दल सांगायचं. नवीन आले तेव्हा मला हसू आलं होतं. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, मी आहे म्हणून काय, कुणीही सांगेल. शेजारचीकडे बघितलंस का, ते मला हवंय. मग हळूहळू ‘आहे’च्या पुढे आणखी शब्द यायला लागले. आहे, पण रात्री झोपलेली दिसत नाही. आहे, बोट सुजलंय. माझे मिस्टर आजारी होते त्या दिवसांत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तू माझ्या डावीकडची. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, आहे, पण आज हिला मशीनवर बसवू नका, बोट शिवून घेईल. दिवसभर मला अभ्रे उलटवायला बसवलं. त्या दिवशी मी त्या अभ्र्यांत तोंड खुपसून रडून घेतलं आणि कुणी काही विचारलं नाही. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते, कारण पुढचं वाचल्यावर तुला वाटेल की मी सगळं विसरले होते.

सगळ्या एकेक करून निवृत्त झालो तेव्हा फोनवरची हजेरी तूच काढलीस. सकाळी आठला मोठ्या बाईंनी मला लावायचा, मी तुला, तू पुढचीला, आणि शेवटचीनं मोठ्या बाईंना, सगळ्या आहेत म्हणून. ‘आहेस?’ ‘आहे.’ दोन शब्दांचं काम, पण आपण दोघी त्या दोन शब्दांना वीस मिनिटं लावायचो. आणि कुणी उचलला नाही तर तिला वगळून पुढचीला लावायचा, उचलत नाही म्हणून सांगायचं, म्हणजे निरोप मोठ्या बाईंपर्यंत पोचेल आणि त्या माणूस पाठवतील. तुझ्या घराची किल्ली त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडे असायची, तीन मिनिटांचं अंतर. माझा गुडघा आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मी धावत यायचा प्रश्नच नव्हता. शेवटी चौघी उरलो तेव्हा मोठ्या बाई, मी, तू आणि गुंडी, असा हा फेरा.

आता त्या आठवड्याकडे येते. मोठ्या बाईंच्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला आपण त्यांच्याकडे जमलो होतो. तू रंगात आली होतीस. तू सांगितलंस की बॉबिनची बाही चाळीस वर्षांत एकदाही सरळ बसली नाही, आणि आपण सगळ्या घरी गेल्यावर मोठ्या बाई माझी शिवण उसवून पुन्हा घालायच्या. गुंडी हसली, मोठ्या बाईंची शेजारीण हसली, आणि मोठ्या बाईसुद्धा हसल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. मीही हसले, केक खाल्ला, घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले. कात्री, मला दुसरं काय येत होतं गं? मूल नाही, शिक्षण नाही, रूप म्हणावं तर तू बघतेसच. मी चांगली शिवते, एवढ्या एका गोष्टीवर मी उभी होते. तू ती चारचौघांत, गंमत म्हणून, टर्रकन फाडलीस. तुला आठवतही नसेल. तुझा तो दोष मी आजही माफ केलेला नाही, हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

तीन दिवस मी तुला फोन केला, ‘आहेस?’ म्हटलं आणि तू ‘आहे, अगं ऐक ना’ म्हणेपर्यंत ठेवून दिला. तुला वाटलं माझी दाढ दुखतेय. चौथ्या दिवशी आठला मोठ्या बाईंचा आला, मी आहे म्हटलं, ठेवला, आणि तुझा नंबर फिरवायला बोट उचललं. ते तसंच खाली घेतलं. मनात काय आलं ते शब्दाला शब्द सांगते. एक दिवस नाही विचारलं तर मरत नाही ती. मग मी गुंडीला लावला आणि म्हटलं, कात्री आज गडबडीत आहे, म्हणून मीच पुढे लावतेय, सगळ्या आहेत. गुंडीनं मोठ्या बाईंना नेहमीचे दोनच शब्द सांगितले. सगळ्या आहेत. मी चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

तू तेव्हा अर्धा तास स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होतीस.

मीटर वाचायला येणाऱ्या माणसानं पाऊण वाजता बेल दाबली, आतून तुझा आवाज ऐकला आणि शेजाऱ्यांना बोलावलं. दीड वाजता मोठ्या बाईंचा मला फोन आला. सव्वापाच तास. डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचं हाड मोडायचं ते पडताक्षणीच मोडलं, लवकर आणलं असतं तरी ते मोडलेलंच असतं. पण गार फरशीवर पडून छातीत कफ धरला, ऑपरेशन लांबलं, आणि तीन आठवडे तू जी अंथरुणाला खिळलीस त्यानं तुझे पाय गेले. हे मी त्यांना स्वतः विचारलं होतं. तुला कुणी एवढं स्पष्ट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तुझं घर, तुझं कापायचं टेबल, तुझा एकटीचा संसार, हे सगळं त्या तीन आठवड्यांत सुटलं.

मी इस्पितळात आले तेव्हा मी सगळं सांगायचं ठरवून आले होते. देवाशपथ. पण तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, मला ऐकू येत होतं गं. सात वेळा लावलास तू. मी खालूनच आहे, आहे, म्हणत होते. तुझा मुलगा उभा होता, त्याचे डोळे भरून आले. तू म्हणालीस, त्या घंटीवर मी तग धरला, म्हटलं बॉबिन आहे तिकडे, ती सोडणार नाही. मग मुलानं साधा प्रश्न विचारला की मावशी, उचलत नव्हती तर पुढे निरोप गेला कसा नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, मी गुंडीला सांगितलं होतं, ती विसरली असेल.

विचार करून बोलले नाही. पण बोलल्यावर परत घेतलंही नाही, आणि तेच जास्त वाईट. गुंडी तेव्हा विसरायला लागलीच होती, दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेली होती, म्हणून सगळ्यांना ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी गुंडी तुला बघायला आली, मुलानं तिला विचारलं, आणि सगळ्यांहून जास्त तिलाच पटलं. मी म्हणत होते की ती तरी म्हणेल, नाही, तू मला असं सांगितलंच नव्हतंस. तशी म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. पण ती रडायला लागली. म्हणाली, विसरले असेन गं मी, माझं डोकं आता माझं राहिलं नाही, मला नका ठेवू हजेरीत. आणि तू अंथरुणातून तोंड भिंतीकडे फिरवलंस. त्यानंतर तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. ओठांत दोरा धरून पस्तीस वर्षं तुझ्या टेबलासमोर बसलेली बाई, आणि ती गेली तेव्हा तू मला फोनवर म्हणालीस, बरं झालं सुटली. मी ‘हं’ म्हटलं.

घंटी कुणाची होती ते मला आठवड्यानं कळलं. तुझा चष्मा आणायला मी चष्म्याच्या दुकानात गेले. मालक म्हणाले, बाईंना त्या दिवशी सकाळी नऊपासून सारखा लावत होतो, दुकान आठवडाभर बंद ठेवायचं होतं, म्हटलं चष्मा घेऊन जावा, पण उचलतच नव्हत्या. तू जिथे पडली होतीस तिथून घड्याळ दिसत नव्हतं, तुला कसं कळणार. ज्या घंटीवर तू तग धरलास ती चष्म्याच्या काचांची होती. तो चष्मा मी तुला आणून दिला, तू डोळ्यांवर चढवलास आणि म्हणालीस, आता तू नीट दिसतेस.

मोठ्या बाईंना कळलं होतं. कसं ते सांगता येणार नाही, पण चाळीस वर्षं आपल्या तोंडाकडे बघून हजेरी घेतलेली बाई. त्यांनी एकदाच विचारलं, लावला होतास ना तिला? मी हो म्हटलं. त्या बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेरा मोडला आणि आपल्या तिघींना स्वतः एकेकीला फोन करायला लागल्या, तुला इस्पितळात, गुंडीला, आणि शेवटी मला. वारल्या त्या दिवसापर्यंत. माझ्या शब्दावर त्यांनी पुन्हा विसंबायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मला ते रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी कळायचं.

गुंडीला मी एकदाच भेटायला गेले, पुतण्याकडे. खोली नीटनेटकी होती, जेवण वेळेवर होतं, पुतण्याची बायको प्रेमळ होती. गुंडीनं उशाखालून एक वही काढून मला दाखवली. तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, सगळं लिहिलेलं. ‘दूधवाला आला. उद्या येणार नाही म्हणाला.’ ‘सुनेनं विचारलं भात हवा का. हवा म्हटलं.’ पानंच्या पानं. म्हणाली, त्या दिवसापासून लिहून ठेवते, पुन्हा माझ्यामुळे कुणाचं असं व्हायला नको. मग तिनं माझ्यासमोर लिहिलं, ‘बॉबिन आली.’ आणि पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत बसली, मी काय म्हणाले ते लिहायला. मी म्हटलं, तब्येत छान दिसते तुझी. तिनं तेच लिहिलं. मी चहा पिऊन परत आले. ती गेली त्याला आठ महिने झाले, आणि तिच्याकडे जाऊन सांगायची सोय आता उरली नाही. तिच्या पुतण्याला मी कालच पत्र टाकलं, सगळं लिहून. त्याचा काय उपयोग, मला माहीत नाही. निदान त्या घरात तरी ती विसरभोळी म्हणून राहू नये.

आणि आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की तुझ्या खोलीतली दुसरी बाई मुलीकडे गेली, खाट रिकामी आहे, खिडकी बागेच्या बाजूला आहे, आणि व्यवस्थापक बाईंनी तुला विचारलं की कुणी ओळखीचं आहे का. तू त्यांना सांगितलंस की एकच आहे, मी जमिनीवर पडले होते तेव्हा जिनं सात वेळा फोन लावला ती, आणि महिनाअखेरपर्यंत खाट राखून ठेवायला लावलीस. यायचं नसतं तर मी हे काही लिहिलं नसतं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं असतं, तू दोन शिव्या घातल्या असत्यास, आणि मरेपर्यंत मी तुझी सात वेळा फोन लावणारी राहिले असते. पण मला यायचं आहे, कात्री. मला या घरात यंत्रातल्या बाईशी बोलत मरायचं नाही, मला तुझ्याशी भांडत मरायचं आहे. हाताच्या अंतरावर दोन खाटा, आणि रोज सकाळी तू डोळे उघडून माझ्याकडे त्या मायेनं बघणार, ते मला एक दिवसही सोसणार नाही. ती खाट तू जिच्यासाठी राखलीयस तशी बाई कधी नव्हतीच. जिनं बोट उचललं आणि खाली घेतलं ती आहे, अजून आहे, सामान बांधून बसली आहे. तिला यायला सांगायचं की नाही, ते तू ठरव आणि तुझ्या हातानं लिही.

तुझीच,
बॉबिन